डांबरवाल्याने बुजवलेली भोकं

माझ्या दुकानाच्या पाटीवर 'अँटी-रस्ट ट्रीटमेंट' असं लिहिलेलं होतं. भिवंडीत, अंजूरफाट्यावरून काल्हेरकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका गोडाऊनच्या भिंतीला टेकवलेली पत्र्याची शेड, शेडमध्ये माणूस उभा राहील एवढा खड्डा आणि कोपऱ्यात दमेकऱ्यासारखा धापा टाकणारा कंप्रेसर, असा एकूण कारखाना. पाटी रंगवणाऱ्या पेंटरला मी दोन दिवस पिडलं होतं, कारण मला तिच्यावर 'इंटरनॅशनल' हा शब्दही हवा होता आणि पत्र्यावर तेवढी जागा उरत नव्हती. एवढं करून आसपासच्या गावांत माझं नाव पडलं ते डांबरवाला. मी रागावून समजावून सांगायचो की हे डांबर नाही, रबरयुक्त लेप आहे. समोरचा मान हलवायचा आणि विचारायचा, "मग डांबर लावून गाडी कधी देणार?"

धंदा समजायला सोपा आहे. गाडी वरून कितीही चकचकीत असली तरी खालून ती बिचारी पत्राच असते. रस्त्यावरचं पाणी, चिखल, खडी, सगळं तिच्या पोटाला लागतं. त्यात आमच्याकडे खाडी जवळ. खारं वारं पत्रा कसा खातं हे आम्हाला शाळेत कुणी शिकवलं नाही, घरांच्या छपरांनी शिकवलं. तर गाडी खड्ड्यावर घ्यायची, खालून पाण्याच्या जोरात धुवायची, वाळवायची, जिथे लेप लागायला नको तिथे कागद चिकटवायचा आणि फवाऱ्याच्या बंदुकीने काळा लेप मारायचा. दुसऱ्या दिवशी गाडीला खालून म्हशीसारखी कातडी आलेली असते. मग खडी उडाली की 'टण्ण' न वाजता 'धप्प' वाजतं. गिऱ्हाईक त्या 'धप्प'साठीच यायचं.

हे काम मी ठाण्याला एका वर्कशॉपात शिकलो. शिक्षण चार दिवसांचं होतं. मी तीन दिवस गेलो. चौथ्या दिवशी मानकोलीला मेव्हण्याची हळद होती, आणि आमच्याकडे हळदीला मटण असतं. शिक्षण काय, कधीही घेता येतं, असा विचार करून मी मटणाकडे गेलो. माझे वडील लूमवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे. ते म्हणायचे की हा पोरगा कुठलंही यंत्र तीन चतुर्थांश समजून घेतो. ते कौतुक नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं. त्या चौथ्या दिवशी तिथे काय शिकवलं, तेही मला दोन वर्षांनी कळलं.

पण त्याआधी माझ्या गिऱ्हाइकांविषयी सांगायला हवं. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. भातशेतीच्या जागी गोडाऊनं उभी राहत होती आणि ज्यांच्या अंगणात पिढ्यान्‌पिढ्या बैल बांधले गेले तिथे सात-आठ सीटच्या मोठ्या गाड्या उभ्या राहू लागल्या होत्या. नवी गाडी घेतलेला माणूस हा मला फार बघण्यासारखा प्राणी वाटतो. शहरातला माणूस आधी गाडीचा रंग बघतो. आमचा काल्हेर-मानकोलीचा माणूस लुंगी सावरून खाली बसतो आणि गाडीचं पोट बघतो. बैल घेताना खूर बघायचे, त्यातलाच प्रकार. मानकोलीच्या एका गृहस्थांनी सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक तीन वर्षं काढलं नव्हतं. उन्हाळ्यात त्यावर माणसं चिकटायची आणि बाकीच्या दिवसांत घसरायची. एकदा ब्रेक मारल्यावर त्यांची सासू सीटवरून थेट खाली गेली. मी त्यांना विचारलं, प्लॅस्टिक काढणार कधी? ते शांतपणे म्हणाले, "गाडी जुनी झाली की."

भिवंडीतल्या एका लूममालकांनी, त्यांना सगळे हाजीसाहेब म्हणत, गाडीवर टाकायचं बाजारातलं कव्हर नाकारून स्वतःच्या मागावरच्या कोऱ्या कापडाचं कव्हर शिवून घेतलं. शिवायचा सल्ला अर्थातच माझा. सुती कापड, पत्र्याला हवा लागेल, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं. जॉबरचा मुलगा असून हे माझ्या डोक्यातच आलं नाही की मागावर चढण्याआधी सुताला खळ लावतात, आणि खळ म्हणजे स्टार्च. मोहल्ल्यातल्या बकऱ्यांच्या ते बरोबर लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी हाजीसाहेब दुकानात आले आणि म्हणाले, "मियाँ, गाड़ी तो सलामत है, कव्हर नाश्त्यात गेलं." कव्हर खाताना शिंगांनी बॉनेटवर ओढलेल्या रेघा त्यांनी मला बोटाने एकेक करून दाखवल्या, पण पुढची पाच वर्षं चहा मात्र पाजत राहिले.

त्याच्याही आधी, अगदी पहिल्याच गाडीला, मी सायलेन्सरलासुद्धा लेप मारला होता. डॉक्टरांची गाडी होती. सायलेन्सर तापल्यावर इतका धूर निघाला की नाक्यावरच्या लोकांनी तिच्यावर बादल्या रिकाम्या केल्या, आणि आतल्या डॉक्टरांवरही. असल्या चुकांचं एक बरं असतं, त्या लगेच कळतात. धूर दिसतो, बकरी दिसते. मला जी चूक सांगायची आहे ती दोन वर्षं कुणालाच दिसली नाही.

झालं असं. खड्ड्यात उभं राहून मी रोज गाड्यांची पोटं बघायचो. बघता बघता माझ्या लक्षात आलं की प्रत्येक गाडीच्या प्रत्येक दाराला, अगदी खालच्या कडेला, बोटाच्या पेराएवढी दोन-तीन भोकं असतात. दार बंद असलं की ती दिसत नाहीत. मला फार कुतूहल वाटलं. कंपनी एवढी मोठी, मग ही भोकं कशी राहिली? मी तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या पाहिल्या. सगळ्यांना भोकं. यातून शहाण्या माणसाने काय अर्थ काढला असता? मी असा काढला की सगळ्याच कंपन्या सारख्याच चिकट. पत्रा जोडताना राहिलेली भोकं बुजवायचं त्यांच्या जिवावर येतं. कंपन्यांचं चुकतं आहे हे मला एका मिनिटात पटलं.

मग मी सीलची पेस्ट आणली आणि प्रत्येक भोक अंगठ्याने दाबून दाबून बुजवू लागलो. त्यावरून लेप. इतकं मन लावून काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही. वर हँडबिलं छापली. त्यांच्यावर गाडीचं चित्र, आणि खाली ठळक अक्षरांत: 'कंपनीकडून राहिलेली भोकंही आम्ही बुजवतो.' हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचायला लागल्यावर ती उठून पाणी भरायला गेली.

ते हँडबिल वाचून आलेले पहिले गिऱ्हाईक म्हणजे काल्हेरचे जनूदादा.

जनूदादांचं खाडीच्या बाजूला शेत होतं. ते गोडाऊनला गेलं. आलेल्या पैशांत घर झालं, मुलींची लग्नं झाली आणि शेवटी एक पांढरी, सात सीटची गाडी आली. उंच, काळेसावळे, बोलायला कमी. गाडी आणली तेव्हा मागच्या काचेवर रेडियमने कुलदेवतेचं नाव होतं, पुढे झेंडूचा हार, आणि चाकाखाली चिरडलेल्या लिंबाची फोड अजून टायरला चिकटलेली. त्यांनी गाडीच्या छपरावर हात ठेवला आणि म्हणाले, "शेत ग्येलं. ही ऱ्हायली. ही मना टिकवून दे."

मी त्यांना खड्ड्यात उतरवलं आणि बॅटरी मारून दाराखालची भोकं दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "एवरी महाग गारी, न् भोकं?" आमच्याकडे त्या बाजूला बोलताना बऱ्याचदा 'ड'चा 'र' होतो, गाडीला गारीच म्हणतात. मी म्हणालो, दादा, म्हणून तर आम्ही आहोत.

त्यानंतर जनूदादा माझे चालतेबोलते हँडबिल झाले. लग्नात, उत्तरकार्यात, कबड्डीच्या सामन्यात, जिथे कुणाची नवी गाडी दिसेल तिथे ते त्या माणसाचा हात धरून खाली बसवायचे आणि भोकं दाखवायचे. माझी निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं त्यांनी पाठवलेली. डांबरवाल्याकडे ने, एवढंच सांगायचे. कमी बोलणाऱ्या माणसाचं लोक लगेच ऐकतात.

आणि गाडीची निगा? मी अनेक गाडीवेडे पाहिले, पण दादांसारखा पाहिला नाही. गाडी फारशी चालवायचे नाहीत. महिन्यातून एकदा वज्रेश्वरीला दर्शनाला, बाकी घरासमोर शेडमध्ये. पण धुवायचे मात्र रोज, दोनदा. सकाळी आणि संध्याकाळी, बोअरच्या पाण्याने, पाइप लावून, छपरापासून खाली. काचांवर पाणी मारायला त्यांना विशेष आवडायचं. त्यांची बायको, पार्वतीवहिनी, मला एकदा म्हणाल्या होत्या की बैलांना पण येवरं न्हानलं नसतील. मी हसून दाद दिली होती. वाचकांनी इथे फक्त एवढं ध्यानात घ्यावं, की काल्हेरच्या बोअरला खाडीचं पाणी लागतं. चहा केला तर फुटतो.

दोन वर्षांनी एका सकाळी दादा गाडी घेऊन दुकानात आले. सोबत वहिनी. दादा खाली उतरलेच नाहीत. मला आत बसायची खूण केली, गाडी पन्नास पावलं पुढे नेली आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली. आणि मग कुठूनतरी, मडक्यात पाणी हिंदकळावं तसा, डचमळल्याचा आवाज आला.

"ऐकलास?" दादा म्हणाले.

मी पुन्हा चालवायला सांगितलं. पुन्हा डचमळलं. वहिनी मागून म्हणाल्या की आठ दिवस हेच चाललंय, वळणावर तर घोट घेतल्यासारखं वाजतं. शेजारच्याने सांगितलं होतं की एसीचं पाणी असेल. पुतण्याने सांगितलं होतं डिझेलच्या टाकीचा आवाज. एका नातेवाइकाने तर गाडी ज्या तारखेला घेतली ती तारीखच चुकीची ठरवली होती.

खरं सांगतो, मला भीती वाटली नाही. मला मजा वाटली. गाडीत पाणी वाजतंय आणि एक थेंबही बाहेर पडत नाही, असं कोडं रोज थोडंच येतं. मी टाकी तपासली, एसीची नळी तपासली, सीटखालचे गालिचे उचलले, सगळं कोरडं. मग वहिनी म्हणाल्या, "भाऊ, दाराला टिचकी मारून बगा. मटका घेतांना मारतो तशी."

मी दाराला वरच्या बाजूला टिचकी मारली. पोकळ. खाली मारली. भरीव. चारही दारं वरून पोकळ आणि खालून भरीव. वीतभर.

आता हुशार माणूस बाजूला बसून भोक उघडतो. मी गाडी खड्ड्याच्या कडेला घेतली, स्वतः खड्ड्यात उतरलो, दार खड्ड्यावर उघडून बरोबर त्याच्या खाली उभा राहिलो, वर तोंड केलं आणि मीच बुजवलेल्या भोकात खिळा खुपसला. तपकिरी, कोमट, खारट पाणी. खारट हे मी अंदाजाने सांगत नाही. ते थेट तोंडात गेलं. धार बराच वेळ चालू होती, आणि शेवटी शेवटी तिच्यातून गंजाचे पापुद्रे पडू लागले, पिकलेल्या फणसाच्या सालीएवढे नसतील, पण मला तेवढे दिसले.

त्या क्षणी मला सगळं समजलं. काचेवर मारलेलं पाणी काचेच्या रबराच्या फटीतून दारात उतरतं. उतरणारच. ते बाहेर पडावं म्हणून कंपनी खाली भोकं ठेवते. ती राहिलेली नसतात, ठेवलेली असतात. आणि मी ती अंगठ्याने दाबून दाबून बुजवली. दादांनी दोन वर्षं रोज दोनदा माया करून त्या दारांत खारं पाणी भरलं, आणि मी त्याला बाहेर जायची वाट ठेवली नाही.

दादा खड्ड्याच्या कडेला बसून खाली बघत होते. त्यांनी विचारलं, काय जालं?

आणि मी, रुमालाने तोंड पुसत, म्हणालो, "कंपनीचा दोष आहे दादा."

हे लिहितानाही माझे कान गरम होतात. तोंडातून ते इतक्या सहज निघालं की मलाच ते क्षणभर खरं वाटलं. दादा उठले. म्हणाले, "मंग चल ठान्याला. शोरूमवाल्यांना तू समजावून सांग. मना बोलता येत न्हाय."

मी पोटात दुखतंय म्हणालो. गंजाचं पाणी प्यायलेल्या माणसाच्या पोटात दुखणं शक्य होतं, पण दादांनी दार उघडून धरलं होतं.

वाटेत काल्हेरला वहिनींना घरी सोडलं. ठाण्याला शोरूमच्या वर्कशॉपात एक म्हातारे फोरमन होते. त्यांनी आमचं म्हणणं, म्हणजे माझं म्हणणं, पूर्ण ऐकून घेतलं. मी दोषयुक्त पत्रा, निकृष्ट जोडणी असे शब्द वापरले. ते खाली बसले, दाराच्या कडेवरून बोट फिरवलं, मग आम्हाला शेजारी उभ्या असलेल्या कोऱ्या गाडीकडे नेलं आणि तिच्या दाराखालची भोकं दाखवली. दारावर तांब्याभर पाणी ओतलं. पाणी काचेवरून उतरलं, रबरात शिरलं आणि खालून टपटप बाहेर पडलं. लहान मुलाला समजेल असं. ते दादांना म्हणाले, "कोटिंग शिकवताना हे शेवटच्या दिवशी शिकवतात. काय झाकायचं नाही, ते. तुमच्या गाडीची भोकं कुणीतरी बुजवली आहेत." मग त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. त्या धंद्यात नखांतला काळा लेप कधीच पूर्ण निघत नाही. त्यांनी नजर काढून घेतली आणि सावकाश म्हणाले, "कुणी बुजवली ते तुम्ही शोधा."

दादांनी त्यांना नमस्कार केला. आम्ही निघालो.

आम्ही कशेळीच्या पुलाला लागलो. माझ्या डोक्यात हिशेब वेगळाच चालू होता. दादांना सांगितलं तर ते उद्या साऱ्या काल्हेरला सांगतील आणि परवा माझी शेड रिकामी. नाही सांगितलं, तर माझ्या वहीत साठेक गाड्यांची नावं होती. साठ गाड्यांची दारं. कुठे थोडं पाणी, कुठे जास्त, आणि सगळीकडे वरून चकचकीत. त्या साठांतल्या प्रत्येकाने गाडी माझ्या हातात देताना काहीतरी सांगितलं होतं. कुणी पहिल्या पगारापासून साठवलेलं, कुणी बापाची इच्छा. पूल अर्धा झाला तेव्हा मी म्हणालो, "दादा, ती भोकं मी बुजवली."

दादा रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. पूल संपला. मग म्हणाले, "म्हाईत हाय. म्हाताऱ्यानं तुझी नखं बगली. मंग मी पन बगली."

मला वाटलं, आता गाडी थांबवून उतरवतील. मी पिशवी मांडीवर घेऊनही ठेवली.

"आजून किती गाऱ्या?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"वही हाय?"

"आहे."

"उद्या सकाली वही घेऊन ये." आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं: "त्यांना मीच धारलं व्हतं ना तुझ्याकं."

मी म्हणालो, आधी तुमची दारं बदलू, नवीन दारं मी आणतो. ते म्हणाले, आदी लोकांची भोकं उघर. माझं मी बगीन.

दुसऱ्या दिवशी मी चपला शिवायची आरी घेऊन गेलो, कारण पेस्ट टोचून काढायला तिच्यासारखं हत्यार नाही. माझ्याकडे तेव्हा स्कूटर होती. दादांनी ती त्यांच्या अंगणात लावायला सांगितली आणि मला गाडीत घेतलं. पहिलं घर त्यांच्या चुलतभावाचं. मी वाटेत एक चांगलं वाक्य तयार केलं होतं, मोफत तपासणी मोहीम वगैरे. दादा अंगणात उभे राहिले आणि हाक मारून म्हणाले, "यानी माजी गारी सरवली. तुमची पन सरवली हाय. भायेर काढा."

यापेक्षा स्वच्छ भाषेत माझी जाहिरात कधी झाली नव्हती.

मग चार दिवस हेच. काल्हेर, मानकोली, आजूबाजूची गावं. मी आडवा होऊन आरीने टोचायचो, खाली घमेलं धरलेलं असायचं, आणि भोवती अख्खं घर. माझी शिव्या खाण्याची तयारी होती. शिव्या मिळाल्याही. मानकोलीच्या एका ट्रान्स्पोर्टवाल्याने माझं हँडबिल घरातून शोधून आणलं आणि मला ते मोठ्याने वाचायला लावलं, ठळक अक्षरांसकट. पण ज्याची मला अजिबात कल्पना नव्हती ते निराळंच. घमेल्यात धार पडायला लागली की लोकांचा राग मागे पडायचा आणि कुतूहल पुढे यायचं. किती निघतं ते बघायला शेजारी यायचे. एका गल्लीत तर स्पर्धा लागली. एक म्हणतो आमच्या दारातून तांब्याभर, दुसरा म्हणतो आमच्या मागच्या दारातूनच दोन तांबे. एका बाईच्या गाडीतून थेंबही निघाला नाही, तेव्हा तिला वाईट वाटलं. "आमचीच कशी कोरडी?" तिने विचारलं. मी म्हणालो, तुमच्याकडे गाडी कुणी धूत नाही. यावर तिचा नवरा दोन वर्षांत पहिल्यांदा छाती काढून उभा राहिला.

कारण नियम असाच निघाला. जो गाडीवर जितकं प्रेम करायचा तितकी त्याची दारं सडलेली. प्लॅस्टिकवाल्या गृहस्थांची दारं पार खलास होती. ते उठले. आत गेले आणि दार लावून घेतलं, घराचं. पुन्हा कधी माझ्या शेडकडे फिरकले नाहीत, आणि रस्त्यात दिसले की मीच दुसऱ्या बाजूला जायचो. एक गाडी तर सापडलीच नाही. मालकाने ती विकली होती, विकत घेणारा सुरतेकडचा एवढंच कळलं. तिच्या दारांत काय झालं असेल हे मला अजून माहीत नाही. वहीत त्या एका नावापुढे बरोबरची खूण नाही.

धंदा बसला का? बसला. तो हंगाम पूर्ण गेला. दुसऱ्या वर्षी थोडी गिऱ्हाइकं आली, पण ती खड्ड्यात माझ्यासोबत उतरायची आणि लेप मारताना माझ्या अंगठ्यावर नजर ठेवायची. त्यात माझं नुकसान काही झालं नाही. उलट तो राहिलेला चौथा दिवस मी ठाण्याला जाऊन पुरा करून आलो. त्या वर्गात मी सगळ्यांत वयस्कर होतो, आणि भोकांचा विषय निघाल्यावर सगळ्यांत जास्त माहिती मलाच होती.

पण ती चार दिवसांची फेरी अजून सांगून संपलेली नाही. चौथ्या दिवशी दुपारी शेवटचं नाव उरलं, वज्रेश्वरीचे एक शिक्षक. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर. त्यांच्या छोट्या गाडीतून अर्धा पेला पाणी निघालं. त्यांनी आम्हाला चहा दिला, भोकांचं शास्त्र नीट समजून घेतलं आणि मुलांना सांगण्यासाठी कागदावर आकृतीही काढून घेतली. आम्ही परत निघालो तेव्हा ऊन कलत होतं.

दादांची गाडी तोवर ओळखू येत नव्हती. दोन वर्षांत जेवढी चालली नसेल तेवढी त्या चार दिवसांत चालली होती. चाकांवर चिखल, पांढऱ्या रंगावर लाल धूळ, आणि चार दिवस तिच्यावर पाण्याचा थेंब पडला नव्हता. मी दोनदा म्हणालो होतो की मी धुऊन देतो. दोन्ही वेळा दादांनी गाडी चालू केली होती.

अंबाडीच्या अलीकडे एका ट्रॅक्टरने रस्ता अडवला होता. ट्रॉलीत भाताचे भारे रचलेले, ट्रॅक्टरवाला उतरून काहीतरी खुडबुड करत होता. त्याला हाक मारायला दादांनी काच खाली घ्यायचं बटण दाबलं. आजवर ते काच कधी खाली घेत नसत, आत धूळ येते म्हणून. काच दोन बोटं उतरली, दारातून करकर असा आवाज आला, मग खाड्‌कन काहीतरी तुटलं आणि पूर्ण काच दाराच्या आत गेली. काच वरखाली करणारं मशीन दाराच्या तळाशी असतं. ते गंजून गेलं होतं. दादांनी दोनदा बटण दाबलं. वर काहीच आलं नाही.

मी आरीची पिशवी पायाशी ठेवली. मला वाटलं, आता. चार दिवस हा माणूस मला रागाचं काही बोललेला नाही, आता बोलेल. मी घाईघाईने म्हणालो की दादा, पुठ्ठा लावू, प्लॅस्टिक बांधू, फाट्यावर माझ्या ओळखीचा काचवाला आहे, सगळी धूळ आत येईल.

ट्रॅक्टर बाजूला झाला. दादांनी गाडी पुढे घेतली. दोन्ही बाजूंना कापलेली शेतं होती, मध्येच कुठे भात झोडण्याचा आवाज येत होता, आणि त्या उघड्या चौकटीतून वारा भस्सकन आत आला, पेंढ्याचा वास घेऊन. डॅशबोर्डवर कुसळं उडाली. दादांनी उजवं कोपर दारावर टेकवलं, नीट जागा करून, जशी ती जागा त्याचसाठी बनवली असावी.

"दादा, काच," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाले. "वारा येतंय."